खानदेशातले सुखी म्हातारे

निवृत्त कामगारांच्या वार्धक्यावर माझ्या थोरल्या साडूंइतकं मूलगामी संशोधन खानदेशात कुणीही केलेलं नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो, कारण खानदेशात त्या विषयाकडे दुसरं कुणी वळलंच नव्हतं. साडू जळगावच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवीत. ऐंशीच्या दशकात तास संपले की त्यांचे सहकारी प्लॉटच्या व्यवहारांकडे वळत. साडू म्हाताऱ्यांकडे वळले. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपण निवृत्त होण्याआधी आपला एक निबंध एखाद्या नावाजलेल्या संशोधनपत्रिकेत छापून यावा.

या ध्यासापायी त्यांना कोणतंही काम साधेपणाने करता येईना. भरताची वांगी आणायला गेले की वांग्यांचा भाव विचारण्याआधी विकणाऱ्याचं वय विचारत. पंगतीत शेजारी कुणी साठीपुढचा सापडला तर त्याचं वरण गार होईपर्यंत त्याला सोडत नसत. भुसावळला कुणा अनोळखी रेल्वे गार्डचा निरोपसमारंभ असला तरी हे मागच्या खुर्चीवर हजर. एकदा संयोजकांनी त्यांना पाहुणे समजून भाषणालाच उभं केलं. साडूंनी नाही म्हणायचं सोडून वार्धक्यावर अर्धा तास भाषण केलं. गार्डच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि गार्डने त्यांना जेवूनच जाण्याचा आग्रह केला.

मुलाखतींची त्यांची पद्धत काटेकोर होती. भुसावळचे रेल्वेवाले आणि धुळ्याचे गिरणी कामगार त्यांनी निवडले होते. आधी निरोप धाडायचा, मग रविवारी सकाळी इस्त्रीचा कोट घालून जायचं. घरातल्या बायकांशी बोलायला संकोच वाटे, म्हणून बरोबर पत्नी, म्हणजे आमच्या अक्का. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पाव किलो पेढे. बसल्यावर प्रश्न सुरू: घर स्वतःचं की भाड्याचं, पेन्शन किती, मुलं काय करतात, घरात कुणाला दमा, कुणाला व्यसन? उत्तरं थक्क करणारी आली. खानदेशातला निवृत्त कामगार खोकत नव्हता, पीत नव्हता, मुलं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती आणि सुना लक्ष्मी होत्या. साडूंनी यावर सिद्धांत मांडला, निबंध पाठवला, आणि तो स्वीकारल्याचं पत्र दिल्लीहून आलं. निवृत्तीच्या आधीच्याच अंकात छापणार होते. प्राचार्यांनी निरोपसमारंभात त्यातला उतारा वाचायचं ठरवून टाकलं.

मुलाखती दिलेल्या सगळ्यांना ही बातमी स्वतः सांगायची, असं साडूंनी ठरवलं. आरंभ धुळ्याच्या एका निवृत्त जॉबरपासून, म्हणजे गिरणीतल्या मुकादमापासून. त्या दिवशी मीही बरोबर होतो. साडूंनी पेढे पुढे केले, तसा म्हातारा हसला आणि आत वळून बायकोला म्हणाला, “वो, पाहुणासना व्हकार शे.” मग साडूंकडे वळला. “भाऊ, आमनं बठ्ठं तुम्ही इचारी लिधं. आते तुमना पोऱ्या काय करस, ते तर सांगा.”

साडूंना मूलबाळ नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्याची मुलगी डोक्यावरून पदर घेऊन चहा घेऊन आली. साडूंनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या कोटाकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं. नंतर हात जोडून त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, की होकार निबंधाला आला आहे, मुलीला नाही. म्हाताऱ्याने कप साडूंपुढे सरकवला. “मंग चहा तरी ल्या,” तो म्हणाला.

एस.टी.त साडूंनी अक्कांना विचारलं, “तुम्हाला कधी लक्षात आलं?”

“पहिल्याच घरी,” अक्का म्हणाल्या. “पण मला वाटलं, तुमच्या शास्त्रात असंच करतात.”

दुसऱ्या दिवशी साडूंनी निबंध परत मागवला. प्राचार्यांनी समजावलं, “सर, दिल्लीहून कोण येतंय तपासायला?” साडू म्हणाले, “मी जाऊन आलो ना.” एवढंच. वादात ज्यांची पाच मिनिटांची प्रस्तावना असे, त्या माणसाचं इतकं छोटं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. मी सहसा कुणाचा अभिमान बाळगत नाही, नातेवाइकांचा तर नाहीच. पण त्या दिवसानंतर मी ओळख करून देताना ‘हे माझे साडू’ जरा मोठ्याने म्हणू लागलो.

ते पुन्हा सगळीकडे गेले. कोट नाही, पेढे नाहीत, अक्का नाहीत. म्हातारे आता खोकत होते, मुलांवर चिडत होते. जॉबर गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर सापडला. “घर बसानं नै व्हस भाऊ,” तो म्हणाला. “भोंगा वाजना का पाय आठेच येतस.” साडूंनी ते तसंच उतरवून घेतलं. निबंध नव्याने लिहिला. मुलगी लग्नाची असली की म्हातारा किती सुखी होतो, हेही त्यात आलं. आपण कसे फसलो तेही त्यांनी लपवलं नाही.

याला वेळ लागला. अंक आला तेव्हा साडू निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. निबंधाखाली महाविद्यालयाचा नव्हे, घराचा पत्ता होता. साडूंनी अंक उभ्याउभ्याच वाचला आणि अक्कांनी तो देवापुढे ठेवला. महाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात ‘प्राध्यापकांचे संशोधन’ या मथळ्याखाली ‘निरंक’ असं छापलं आहे.