चौथ्या पानावर परराष्ट्रमंत्री

माझी भाची परराष्ट्र खात्यात लागली तेव्हा मी तिला विचारलं होतं, की तुमचे मंत्री दिवसभर नेमकं काय करतात. अर्थमंत्र्याचं काम मला कळतं. रस्ते बांधणाऱ्या मंत्र्याचंही कळतं, रस्ता झाला की नाही ते जाऊन बघता येतं. परराष्ट्रमंत्री मात्र विमानातून उतरतो, हात मिळवतो आणि परत विमानात बसतो.

"मामा, आपलं सरकार काय म्हणतं ते तिकडे सांगायचं आणि ते काय म्हणतात ते इकडे आणायचं," ती म्हणाली. "मध्ये स्वतःच्या मनाचं काही देऊन टाकायचं नाही. दिलं तर घरी जाऊन पंतप्रधानांना आणि मंत्रिमंडळाला उत्तर द्यावं लागतं."

"म्हणजे सोयरीक जुळवणारा."

"साधारण तसंच. फक्त इथे मुलगा नापसंत पडला तर सैन्य सरकतं."

हे बोलणं मी विसरून गेलो होतो. मग एका हिवाळ्यात तिचा फोन आला. एका परदेशाच्या परराष्ट्रमंत्री बाई मुंबईत बोलणी करायला आल्या होत्या. बोलणी संपल्यावर त्यांना अर्धा दिवस समुद्र बघायचा होता आणि हॉटेलात नाही, कोणाच्या तरी घरी जेवायचं होतं. भाचीने आमचं किहीमचं घर सुचवलं आणि वरिष्ठांनी मान डोलावली. गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून गाडीने आमच्या दारात.

"मामा, ही माझी पहिली स्वतंत्र जबाबदारी आहे. मी अजून कायम झालेली नाही," तिने बजावलं. "बाईंना जी जागा द्याल ती त्यांच्या देशाला दिलेली जागा. कोण कुठे बसणार ते मी लिहून पाठवते. त्यात काडीचा बदल नको. बदल झाला तर मला अशा खोलीत बसवतील जिथे फक्त फायली आणि पाली असतात."

मी शब्द दिला. तिच्या आराखड्याप्रमाणे ओटीवर टेप धरून पाटांमधलं अंतर मोजलं. पहिल्या पाटावर मंत्री बाई, मग त्यांचे इथले राजदूत, मग भाचीचे वरिष्ठ साहेब, शेवटी बाईंचे अंगरक्षक. मंत्री बाईंच्या पाठीमागे एक खुर्ची होती. तिच्यासमोर पान नव्हतं. मला वाटलं, ती पर्स ठेवायला असेल.

आमच्याकडे रोज मासे घेऊन येणाऱ्या कोळीण मावशी त्या दिवशी मुद्दाम थांबल्या होत्या. सुरमई आणली त्यांनी, कापली त्यांनी आणि "तुमी जाळाल" म्हणून तळायलाही त्याच बसल्या. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण आणि सोलकढी केली होती.

पाहुणे आले. भाची फाटकाशी गाड्या आणि पोलिसांच्या घोळात अडकली. मी सगळ्यांना ओटीवर आणलं. बाई उंच, हसऱ्या, पायातल्या चपला स्वतःच काढून ठेवणाऱ्या. राजदूत सुटाबुटात, केस बुटांइतकेच काळे. साहेब शांत. आणि सगळ्यांच्या मागे एक म्हातारा, पांढरेशुभ्र केस, किंचित वाकलेला. तो आला आणि त्या पान नसलेल्या खुर्चीवर जाऊन बसला.

बायको भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"यांचं पान कुठंय?"

"हे दुभाषी आहेत. ते मागे बसून सांगतात, जेवत नाहीत," साहेब म्हणाले.

"जेवत नाहीत म्हणजे? उपास आहे?"

"नाही, पद्धत आहे तशी."

आतून मावशी झारा हातात घेऊन आल्या. "म्हाताऱ्या मानसाच्या तोंडासमोर जेवनार, आनि त्याला न्हाय? ही कसली पद्धत? व्हय हो, तुमी घरचं मानूस ना, गप काय बसलाव?"

शेवटचं मला उद्देशून होतं. आता आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पंगतीत पहिलं पान वयाने सगळ्यात मोठ्या माणसाचं. वाढायला तिथून सुरुवात होते आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. माझ्या वडिलांनी हे पाळलं, मीही पाळतो. मी आराखडा पाळायचा शब्द दिला होता हे खरं, पण आराखड्यात त्या म्हाताऱ्याचं वय लिहिलेलं नव्हतं. आणि अंदाजाने काम करणं मला जमत नाही. मी सरळ वयं विचारायला सुरुवात केली.

माझ्या मोडक्या इंग्रजीत दुभाष्याला विचारलं. तो इतका गोंधळला, की त्याने माझा प्रश्न आधी मंत्री बाईंना भाषांतर करून सांगितला. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं. मग कळलं, एकोणसत्तर. बायकोने त्याला दंडाला धरून पहिल्या पाटावर बसवलं आणि शेवटी एक पान वाढवलं. साहेबांनी नाइलाजाने छप्पन्न सांगितलं. राजदूतांनी छताकडे बघून बावन्न सांगितलं. बाईंचं वय विचारायचं धाडस मला झालं नाही, पण त्या पन्नाशीच्या आतल्या उघड दिसत होत्या, आणि अंगरक्षक तर पोरसवदाच होता. हिशेब सोपा होता. दुभाषी, साहेब, राजदूत, आणि चौथ्या पानावर परराष्ट्रमंत्री.

नेमकी त्याच क्षणी भाची पायऱ्या चढून वर आली. तिचा चेहरा मी बघितला आणि मग लगेच जमीन बघितली.

राजदूत अजून उभेच होते. ते थंडपणे म्हणाले, "याची नोंद घ्यावी लागेल." एवढं इंग्रजी मलाही समजलं. साहेब बागेतल्या पोफळी मोजत असल्यासारखे बाहेर बघू लागले. भाचीचे ओठ पांढरे पडले. तिच्या दृष्टीने एका देशाला आम्ही पहिल्यावरून चौथ्यावर ढकललं होतं, आणि तेही तिच्या मामाने.

मंत्री बाईंनी मला विचारलं, "या घरात नियम काय आहे?" दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं आणि भाचीने मराठी.

"वय," मी म्हणालो.

"मंत्री असला तरी?"

"मंत्री असला तरी. सरपंच जेवायला आला तरी त्याच्या काकाचं पान आधी पडतं."

बाईंनी थोडा विचार केला. मला त्या वेळी त्यांचं काम पहिल्यांदा समजलं असं वाटतं. अपमान झाला की नाही हे त्या एकट्या ठरवणार होत्या. त्यांनी मानला तर तो दोन देशांमधला, नाही मानला तर झालाच नाही.

"सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या आणि चौथ्या पाटावर मांडी घालून बसल्या.

राजदूतांना बसणं भाग पडलं. विजारीमुळे मांडी जमेना, म्हणून बायकोने त्यांच्याखाली दोन उशा दिल्या. ते सगळ्यांपेक्षा वीतभर उंच झाले आणि त्याने त्यांचं थोडं समाधान झालेलं दिसलं.

वाढून झालं. सगळे थांबले. दुभाषी मंत्री बाईंची वाट बघत होता, आम्ही दुभाष्याची. कालवणाची वाफ वर जात राहिली. शेवटी मावशी म्हणाल्या, "अवो बाबा, खा की, पोरं खोळंबलीत." पोरं म्हणजे एक मंत्री, एक राजदूत आणि एक साहेब. भाचीच्या तोंडून हसू फुटलं ते थांबेचना. बाईंनी विचारलं काय झालं, भाचीने सांगितलं, आणि मग बाईच हसू लागल्या. म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटले. मोठमोठ्या मेजवान्यांमध्ये तो आयुष्यभर इतरांच्या घासांमधून बोलत आला होता.

त्यानंतर सगळंच सैल झालं. बाई मुद्दाम आपल्या भाषेत लांब वाक्य बोलायच्या आणि दुभाषी तोंड भरलेलं असल्यामुळे एक बोट वर करून थांबा म्हणायचा. साहेब थांबायचे. घास गिळून तो वाक्य सांगायचा, तोवर बाईंचा पुढचा प्रश्न, त्याचा पुढचा घास. भाची म्हणाली, परवापासूनच्या बोलण्यांत दोन्ही बाजूंनी एकमेकांचं इतकं नीट ऐकून घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं.

मावशींनी सुरमई आणली. मधले जाड तुकडे पहिल्या पानापासून संपत जातात, हे राजदूतांच्या लक्षात आलं. दुभाष्याला मधला, साहेबांना मधला, त्यांच्या पानावर शेपटीकडचा. त्यांनी तो उलटून पाहिला. मग घसा साफ केला.

"मला मघाच्या निवेदनात दुरुस्ती करायची आहे," ते म्हणाले. "एकसष्ट."

मी दुरुस्ती मान्य केली. साहेबांनी आपला पाट निमूटपणे सोडला, दोन्ही उशा एका पानाने वर सरकल्या आणि मावशींनी आतून राखून ठेवलेला तुकडा आणला. बाई इतक्या हसल्या की सोलकढी त्यांच्या नाकात गेली. त्यांचा अंगरक्षक उठून उभा राहिला, पण काय करावं ते त्याला सुचेना.

भाची मात्र हसता हसता मधेच थांबून राजदूतांकडे बघायची. नोंद घ्यायची भाषा झाली होती आणि ती कोणी मागे घेतलेली नव्हती.

निघताना बाई ओटीच्या पायरीवर थांबल्या. चेहरा एकदम बदलला, आवाजही. दुभाष्याने हात पुसले आणि तो सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. बाई साहेबांकडे बघून आपल्या भाषेत बोलल्या आणि त्याने एकेक शब्द ठेवल्यासारखं सांगितलं, "माझ्या सरकारच्या वतीने मी नमूद करते, की आजची बसण्याची व्यवस्था आमच्या पूर्ण संमतीने झाली. ती ज्यांनी आखली त्या अधिकाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत."

भाचीने ते मराठीत सांगितलं आणि शेवटच्या वाक्याला अडखळली. बाईंनी हे घरच्या पाहुणीसारखं सांगितलं असतं तर ते आभार होते. सरकारच्या वतीने सांगितल्यामुळे ते आता दोन देशांमधलं झालं होतं. राजदूतांना तक्रार करायची तर स्वतःच्याच मंत्र्याविरुद्ध करावी लागणार होती. त्यांनी मान झुकवली. "माझीही संमती," ते म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या भाचीची काळजी करू नका." मग तिला म्हणाले, "हे शब्दाला शब्द अहवालात घाल."

ती लिहू लागली. हसू दाबल्यामुळे तिचे खांदे हलत होते. "सर, वयंसुद्धा लिहू?"

साहेबांनी राजदूतांकडे पाहिलं. राजदूत समुद्राकडे पाहत होते.

"वयं नकोत," साहेब म्हणाले.

राजदूतांनी त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे आभार मानले.