दिराच्या दुकानातले शॉकअप

माझ्या दिराचं कर्जतला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यातलं 'होतं' लिहिताना मला आजही बरं वाटतं.

आम्ही नवरा-बायको कळंबजवळच्या आमच्या गावातून जेवणाच्या ऑर्डरी घेतो. हळदी, साखरपुडे, बारशी, शनिवार-रविवारी फार्महाउसवर उतरणाऱ्या मुंबईकरांची जेवणं. नवरा चुलीपाशी आणि मी गाडीवर. पिकअप मीच चालवते. त्याला रस्सा कधी उतरवायचा ते वासावरून कळतं, पण क्लच कधी सोडायचा ते आजतागायत कळलेलं नाही.

पिकअपचे मागचे, धक्के झेलणारे शॉकअप गेले तेव्हा मी दुसरीकडे विचारलंही नाही. घरचं दुकान असताना बाहेर कशाला जायचं? दीर म्हणाला, "वैनी, आपल्या घरची गाडी हाय. तुमाला कंपनीचा माल देतो." त्यानं समोर उभं राहून काळेभोर, चकचकीत शॉकअप बसवून दिले. मी त्याला चहा पाजला.

मग भिवपुरीकडच्या एका गावातली हळद आली. मटणाचा मोठा टोप, भाताचे दोन, वड्यांच्या टोपल्या असा सगळा भार घेऊन मी दुपार कलल्यावर निघाले. टोपाच्या तोंडावर फडकं बांधलेलं, बाजूंना तांदळाच्या गोण्या लावलेल्या. पहिल्याच ब्रेकरवर गाडीचा मागचा भाग उडाला आणि खाली बसायचं नावच घेईना. वर, खाली, वर, खाली. पुढच्या ब्रेकरला मी गाडी जवळजवळ थांबवून घेतली, तरी तेच. गावात शिरण्याआधीच्या खड्ड्यांच्या पट्ट्यात मागे धाडकन आवाज झाला. उतरून बघते तर मागच्या फाळक्याच्या फटीतून लालभडक रस्सा रस्त्यावर गळत होता.

मांडवात पाहुणे बसले होते. नवरीच्या बापानं गाडीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. गावातून अंडी गोळा केली, उरलेल्या रश्श्यात पाणी वाढवलं आणि हळदीला आलेल्या माणसांना आम्ही अंड्याचं कालवण वाढलं.

त्या हळदीला माझा दीरही पाहुणा होता. पंगतीत कुणीतरी त्याला विचारलं, "तुझ्या वैनीच्या गाडीला झालं काय रं?" माझ्या हातात भाताचं ताट होतं आणि मी त्याच्यापासून दोन माणसं सोडून उभी होते. तो मोठ्यानं म्हणाला, "गाडीला काय नाय झालं. शॉकअप मी सोता नवे टाकलेत. बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर मटण रस्ताच जेवणार."

पंगत हसली आणि पलीकडे वाढत असलेला माझा नवराही हसला. हसला म्हणजे ओठ हलवले, पण मला दिसले. मी भात वाढत पुढे गेले.

त्यानंतर त्या भागातली एकही ऑर्डर आली नाही. एका फार्महाउसवाल्यानं तर सांगून टाकलं, "तुमचं जेवण उत्तम आहे हो, पण ते पोचलं पाहिजे ना."

गाडीचा वास जाईना. रस्सा फळ्यांतून खाली चेसीपर्यंत उतरला होता. एका सकाळी मी सोड्याचं कडकडीत पाणी केलं, काथ्या घेतला आणि गाडीखाली शिरले. टोप घासतात तसं सगळं घासत गेले. शॉकअपवरून काथ्या फिरवला तर हाताला काळं लागलं. अजून पाणी ओतलं. काळा रंग सालीसारखा निघाला आणि खालून जुनाट पिवळा रंग, गंज आणि तेलाचा चिकट ओघळ दिसायला लागला. कुणाच्या तरी भंगारातल्या गाडीचे मेलेले शॉकअप होते ते. त्यानं रंगवून माझ्या गाडीला लावले होते.

नवऱ्याला हाताला धरून आणून दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "त्यालापण कुणीतरी फसवलं असंल. भाऊ हाय माझा. गावात बोभाटा नको करू."

"बरं," मी म्हटलं.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते त्याला कळलं नाही. मी रडले नाही, भांडले नाही. दिराशी पूर्वीसारखीच बोलत राहिले. पण त्या दिवसापासून भाकरी थापताना, कांदा चिरताना, झोपेतून जाग आल्याबरोबर माझ्या डोक्यात तोच असायचा.

आधी गाडी नीट करायची होती. मी खोपोलीला गेले. तिथे एका कोकणी मुसलमान कुटुंबाचं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं आणि शॉकअपचं दुकान आहे. गल्ल्यावरच्या भाईंना मी म्हटलं, "तुमच्याकडे सगळ्यात कडक जे असेल ते द्या. पाटा पण एक जास्तीचा टाका."

"भाभी, माल काय नेता?"

"काय का नेईना. गाडी बसली नाही पाहिजे."

"कडक टाकून देतो, पण रिकामी गाडी लाथा मारेल."

मारू दे म्हटलं. रागानं माझी सारासार बुद्धी बाजूला ठेवली होती. घरी येईपर्यंत माझे दात एकमेकांवर आपटत होते. पुढच्या एका बारशाला लाडूंचे डबे नेले ते चुरा होऊन उतरले. नशीब, ते नात्यातलं बारसं होतं. तेव्हा कुठे मला कळलं की नुसता कडकपणा उपयोगाचा नाही. परत खोपोली गाठली.

भाई हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि या वेळी मी नीट सांगितलं. जाताना गाडी गच्च भरलेली असते आणि येताना रिकामे टोप खडखडत असतात. मधे रस्ता कच्चाही लागतो. ते म्हणाले, "वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम वेगळं, गाडी उसळली की तिला पटकन शांत करायचं. दोघांची जोडी जमली पाहिजे." त्यांनी दोन-तीन जोड्या पुढे मांडल्या. मी प्रत्येक शॉकअप हातानं दाबून बघितला. एक सहज दबायचा आणि झटकन परत यायचा, तो बाजूला ठेवला. एक दबायचा सावकाश आणि वर यायचा त्याहून सावकाश. तो माझ्या मनात भरला. जास्तीचा पाटा काढून टाकला आणि त्याऐवजी खाली एक जाड पाटा घातला, जो गाडी भरून खाली बसली तरच टेकतो.

मग माझ्या पद्धतीनं परीक्षा घेतली. गाडीत नेहमीचा सगळा भार भरला, मटणाच्या टोपात काठोकाठ पाणी भरलं, वर फडकं न बांधता निघाले, आणि हळदीच्या गावाच्या त्याच खड्ड्यांतून, नेहमीच्या वेगानं गेले. उतरून मागे गेले. फळीवर थोडं पाणी सांडलं होतं, तांब्याभर असेल. टोप जिथे ठेवला होता तिथून हलला नव्हता. मी तिथेच रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं हसले.

आता दिराची पाळी होती. तो दरवर्षी दुकानात सत्यनारायण घालायचा. तालुक्यातले टेंपोवाले, पिकअपवाले, गॅरेजवाले तीर्थप्रसादाला आणि जेवायला यायचे. स्वयंपाक आमचाच असायचा. त्या वर्षी मी शिरा, मसालेभात, वाटाण्याची उसळ, सगळं जीव ओतून केलं. जेवणानंतर भांडी घासायला नेहमीसारखं मोठ्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळायला ठेवलं.

पंगत उठली, माणसं पान खात दुकानापुढे उभी होती. मी आत गेले. देवाला नमस्कार केला आणि मांडणीवरचा एक काळा, चकचकीत शॉकअप उचलला.

दीर म्हणाला, "वैनी, अजून पायजे काय?"

"नको. जरा धुऊन बघते."

त्याचा चेहरा उतरला ते मी पाहिलं. पण हेही खरं, की मलाही धास्ती होती. हा एक खराच नवा निघाला तर? मी तो सगळ्यांसमोर पातेल्यात बुडवला, बाहेर काढला आणि काथ्यानं घासायला लागले. आधी काहीच निघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना झालं काय?" मी अजून जोर लावला. मग फेस राखाडी झाला, मग काळा, आणि रंगाखालून गंज वर आला.

एक टेंपोवाला पुढे आला. त्यानं शॉकअप माझ्या हातातून घेतला, बोटानं रंग खरवडला आणि दिराकडे बघत म्हणाला, "मला पण हेच दिलंस ना रं?" दुसऱ्यानं मांडणीवरचा आणखी एक आणून पातेल्यात टाकला. माझं काम संपलं होतं. मी भांडी गोळा करायला घेतली.

नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी एकदा जेवताना म्हणाला, "देवासमोर तरी नको होतं करायला."

"देवासमोरच तो माल मांडला होता त्यानं," मी म्हटलं.

गिऱ्हाईक तुटलं. दिरानं काही महिने रेटून बघितलं, मग दुकान दुसऱ्याला दिलं. आता तो रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. जाऊबाई दिवाळीला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "घरातल्या घरात मिटलं नसतं का गं?" त्यांचं मला वाईट वाटतं. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. त्यांना मी डबाभर करंज्या बांधून दिल्या.

दीर दाराबाहेर मोटरसायकलवरच बसून होता, आत आला नाही. मी त्याला 'या' म्हटलं नाही. खिडकीतून मात्र बघून घेतलं. उन्हात बसला होता आणि वरचेवर घाम पुसत होता. मी जाऊबाईंना म्हटलं, "अजून थोडा वेळ बसा की, घाई काय आहे," आणि दुसऱ्यांदा चहा टाकला.