सपाट रानात उलटलेला ट्रॅक्टर

आमच्या डकोटाच्या मुलखात आर्विड टोलेफसनसारखी सरळ पेरणी दुसऱ्या कुणाची नाही. हे मी, त्याच्या बांधाला बांध लावून जन्मभर गहू पिकवलेला माणूस, सांगतो आहे.

पण त्या वसंतात आर्विडला चैन म्हणून नव्हतं. बसला की उठायचा, सिगारेट पेटवायचा, दारात जाऊन ओल्या काळ्या रानाकडे बघायचा आणि पुन्हा आत यायचा. दवाखान्यात नर्स मार्लिसनं त्याचा रक्तदाब बघितला होता, चरबी आणि साखर तपासली होती. मग तिनं विचारलं, "घरात कुणाला कमी वयात हृदयविकार?"

"छे! बाप ट्रॅक्टरखाली गेला. आई नव्वद वर्षं जगली."

"मग धोका मध्यम धरू. सिगारेट तेवढी सोडा."

तेव्हापासून स्वतःचंच उत्तर त्याला टोचत होतं. बाप ज्या रानात ट्रॅक्टर उलटून गेला म्हणत, ते रान त्यानं इतकी वर्षं नांगरलं होतं. परातीसारखं सपाट रान.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. आर्विडनं म्हाताऱ्या बोर्गिल्ड आत्याला गाठलं. मी शेजारीच होतो.

"आत्या, तिथे ट्रॅक्टर उलटला कसा?"

"बटाट्याची पोळी खा आधी. गार होईल."

"गारच आहे ती. सांग."

"बापासारखाच हट्टी आहेस मेल्या!"

"तेच विचारतोय. आणखी कशाकशात बापासारखा आहे मी?"

आत्यानं कप खाली ठेवला. "मी त्याचं जेवण घेऊन चालले होते. लांबून बघितलं, तुझा बाप, नेल्स, स्टिअरिंगवर कोसळला होता. ट्रॅक्टर आपला एकटाच चालत चालत रस्त्याकडेच्या चरात जाऊन उलटला. छाती तर आठवडाभर दुखत होती त्याची. शेहेचाळीस वय!"

"मग बोलली का नाहीस?"

"कामात मेला म्हटलं की लोक टोपी काढतात रे. दुखण्यानं मेला म्हटलं की पोरांकडे कीव करून बघतात. तुझ्या आईला ते नको होतं."

सोमवारी जमीन वाफशावर आलेली, पश्चिमेला ढग. अशा दिवशी आमच्याकडे कुणी पेरणीयंत्र थांबवत नाही. आर्विडनं भर रानात थांबवलं आणि माझ्या गाडीत येऊन बसला. "दवाखान्यात चल," म्हणाला.

मार्लिसनं ऐकून घेतलं. "मग अंदाज बदलला. डॉक्टरांशी बोलून गोळी आजच ठरवू. पण हे भविष्य नव्हे हं. बाप बदलता येत नाही. रक्तदाब आणि सिगारेट तुमच्या हातात आहेत. आणि भाऊ आहे ना तुम्हाला?"

दवाखान्याच्या अंगणात त्यानं लाइलला फोन लावला. धाकटा मोठ्यानं बोलतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"पेरणी टाकून फोन? कोण मेलं?"

"बाप. हृदयानं मेला, लाइल. ट्रॅक्टरनं नाही. तू तपासून घे."

"घेईन कापणीनंतर."

"आज वेळ ठरव."

"डोकं फिरलंय तुझं!"

"फिरू दे. मी फोन ठेवत नाही."

पहिले थेंब पडायला लागले. आर्विड अंगणात येरझारा घालत राहिला, फोन कानाला तसाच, लाइलच्या तोंडून तपासणीचा वार निघेपर्यंत.