डावीकडचा दिवा

ओरोझाली बाइके आमच्या कुंपणापलीकडे राहतात. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून त्यांना बाइके म्हणजे दादा म्हणतो. सव्वीस वर्षं ते घाटमाथ्यावरच्या हवामान केंद्रात होते. दर तीन तासांनी बाहेर जायचं, वारा किती, बर्फ किती, थंडी किती ते वहीत लिहायचं. बायको बुरुल बरोबर असायची. हिवाळ्यात दोन-दोन महिने तिसरं माणूस नजरेला पडायचं नाही. निवृत्त होऊन दोघं खाली आमच्या गावी, कोचकोरला आली, तेव्हा बुरुलवहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "अगं, इथे किती गलका! माझे कान दुखतात."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला, मेलिसला, तिकडे राजधानीत बिश्केकमध्ये मुलगा झाला. सूनबाई नोकरीवाल्या. "एक हिवाळा काढून येते," म्हणून वहिनी गेल्या. तो हिवाळा काही संपला नाही. नातू जरा चालता-बोलता झाला तोवर नात झाली. बाइके इथेच राहिले. गाय होती, बटाट्याचं शेत होतं. आणि मुलाच्या दोन खोल्यांत त्यांच्या वाट्याला होता तो सोफा, तोही टीव्हीसमोरचा. सगळे टीव्ही बघून उठेपर्यंत पाय लांब करता यायचे नाहीत.

ह्या मार्चमध्ये मात्र ठरलं होतं. नोरुझच्या सणाला वहिनी दहा दिवस घरी येणार आणि बाइके बुधवारी गाडी घेऊन त्यांना आणायला जाणार. आठ दिवस आधीच त्यांनी सगळे गालिचे अंगणातल्या बर्फावर उलटे टाकून झोडपले. खिडक्या पुसल्या. त्यांनी पडदे धुतलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

शनिवारी गुरांच्या बाजारातून येताना नाक्यावर पोलिसाने त्यांना थांबवलं.

"अक्साकाल आजोबा, गाडी एका डोळ्याने बघतेय की तुमची!"

"मालकही एकाच डोळ्याने बघतो, बाळा. दुसऱ्यात मोतीबिंदू आहे."

"तुमचं चालेल, गाडीचं नाही चालायचं. बोओमच्या घळीत असे शिरलात तर समोरच्याला वाटेल, मोटारसायकल येतेय."

एवढं बोलून त्याने सोडलं. बाइकेंनी बाजारात परत जाऊन बल्ब आणला.

रविवारी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं. मी कुंपणाच्या अलीकडे सफरचंदाच्या फांद्या छाटत होतो. गाडी पंचवीस वर्षांची, जर्मन. डावा दिवा बॅटरीच्या मागे, आणि मध्ये जेमतेम चार बोटांची जागा. आजवर तो बल्ब वहिनीच बदलायच्या. त्यांचा हात लहान. बाइके बाजूला उभे राहून नुसते हुकूम सोडायचे. आता त्यांचा तो फावड्यासारखा पंजा मनगटाशीच अडकायला लागला.

"बाइके, मी येऊ का?" मी विचारलं.

"नको. बायबिचेला विचारतो." वहिनींना ते बायबिचे, म्हणजे घरधनीण, म्हणायचे.

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. वहिनींचा आवाज माझ्यापर्यंत लख्ख येत होता.

"दिसतंय का गं?"

"तुमचं नाक दिसतंय. फोन खाली करा."

बाइकेंनी फोन इंजिनाला टेकवून ठेवला.

"आधी दिव्यामागचा वायरींचा खटका ओढा. वायर धरून ओढू नका हो, खटका धरून. निघाला? आता ती रबराची टोपी काढा. आत तारेची कडी आहे. दाबायची आणि बाजूला सरकवायची."

"कडी दिसत नाही."

"मला तरी कधी दिसली? बोटांनी चाचपायची असते."

"तुझी बोटं कुठे नि माझी कुठे!"

"उणे तीसमध्ये ह्याच बोटांनी पेन्सिल धरत होतात ना? चाचपा."

मागे मूल रडायला लागलं. "थांबा, आलेच," म्हणून वहिनी गेल्या. बाइके हात तसाच आत ठेवून, बॉनेटखाली वाकून उभे राहिले. दहा मिनिटं तरी झाली असतील. मी चार फांद्या छाटल्या. ते हलले नाहीत.

"अजून तिथेच आहात?" वहिनींचा आवाज आला.

"जाणार कुठे?"

शेवटी कडी सुटली. जुना बल्ब आतून काळा पडला होता.

"नव्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं तर महिन्यात जळेल. रुमालात धरा. तीन कान आहेत बघा त्याला, मोठा कान वर. बसला का?"

"बसला."

"हलवून बघा."

"अगं बसला म्हणतो ना!"

"मागच्या खेपेलाही असंच म्हणाला होतात."

बाइके हसले. कडी लागली, टोपी लागली, खटका बसला. हात बाहेर आला तेव्हा तीन बोटांची सालं निघाली होती. गाडीत बसून त्यांनी दिवे लावले आणि मला ओरडून सांगितलं, "पुढे जाऊन बघ रे, लागलाय का!"

मी फाटकातून आत गेलो. लागला होता. "दोन्ही जळतायत, बाइके."

ते लगबगीने उतरून फोनकडे आले. "बायबिचे, लागला! बुधवारी दहापर्यंत पोचतो बघ."

मग वहिनी म्हणाल्या, "ह्या खेपेला नका येऊ. पोरीला ताप आहे. सूनबाईला रजा मिळत नाही."

"हे कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"मग मघापासून..."

"तुम्ही इतक्या दिवसांनी एवढं बोलत होतात. मला मोडवेना."

"बरं," बाइके म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." मग त्यांनी बॉनेट पाडलं. दिवे तसेच जळत होते, ते मीच बंद केले. माझ्या बायकोने चहाला बोलावलं, तर म्हणाले, "बटाटे निवडायचेत."

बुधवारी सकाळी बघतो तर गाडी बाहेर काढलेली. मागे मेंढीची मांडी, एक पोतं बटाटे, सायीचा डबा. "गाईचं तेवढं बघ," एवढंच म्हणाले आणि गेले. ऊन उतरायच्या आत परतलेसुद्धा. गाडीत ते एकटेच होते.

"वर गेलोच नाही," त्यांनी सांगितलं. "नात झोपली होती. हीच खाली आली. बसलो गाडीत पाऊण तास."

"काय बोललात?"

"काही नाही. गाय किती दूध देते विचारलं. सांगितलं. मग समोरची काच पुसली तिने, तिच्या ओढणीने. तेवढ्यात बाल्कनीतून नातवाने हाक मारली, 'आजी, छोटी उठली!'" त्यांनी बटाट्याचं पोतं गाडीच्या दाराला टेकवलं. "वर केंद्रात आम्ही दोघंच असायचो रे. तेव्हा मला वाटायचं, एकटेपणा म्हणतात तो हाच. काय कळत होतं मला!"

नोरुझला आम्ही त्यांना आमच्याकडे जेवायला नेलं. ते आले, सगळ्यांना आशीर्वाद दिला, पोटभर जेवले आणि चहाचा दुसरा पेला न घेता उठले. हल्ली त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू असतो. ऐकत कोणी नाही. बाइके तर बाहेर अंगणातच असतात.

मे महिन्यात बटाटे लावायला वहिनी चार दिवस आल्या होत्या. त्या चार दिवसांत कुंपणापलीकडून भांडणंच ऐकू यायची. सरी वाकडी झाली, बी दाट पडलं, विळा कुठे ठेवलात. माझी बायको हातातलं काम सोडून ऐकत उभी राहायची. पाचव्या दिवशी पहाटेच्या गाडीने वहिनी परत गेल्या.