सम्राज्ञीच्या कपाळावरचं कुंकू

वृंदाताई गेल्याचं तिच्या मुलीनं, सईनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दुबईजवळच्या अजमानला सिग्नलशी गाडी घेऊन उभी होते. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत राहिले... मी हलले नाही. दीड महिना होत आला, मला अजून तिचा रागच येतो. इतक्या भांडखोर बाईनं असं मुकाट्यानं जावं?

ती रोमन नाणी जमवायची. सोन्याचांदीची नव्हेत, साधी ब्राँझची, आणि तीही फक्त राजघराण्यातल्या बायकांची. कुणी सम्राटाची बायको, कुणी आई, कुणी बहीण. राजांची तोंडं शाळेत पुष्कळ पाहिली, म्हणायची. नवरा गेल्यावर हा नाद वाढला, तेव्हा लोक म्हणाले, दुःख विसरायला करते. दुःखबिःख काही नाही, तिला त्या बायका आवडायच्या.

नवरा गेला त्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्या ग्रुपमधल्या एकीनंही तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पुण्यामुंबईहून येताना डिग्र्यांबरोबर हेही आणलं होतं आम्ही. ती रडली नाही. तिनं स्वतःच्याच घरी हळदीकुंकू ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. बघायला का होईना, सगळ्या आल्या. तबकात कोयरीशेजारी एक नाणं होतं. मला वाटलं, लक्ष्मीचं असेल. सवयीनं कुंकवाचं बोट टेकवलं, थेट नाण्यावरच्या बाईच्या कपाळावर! निघालं ते तिचं लाडकं रोमन नाणं. एरवी ती त्या नाण्यांना कुणाला हातही लावू द्यायची नाही.

मी पुसायला गेले, तर "राहू दे," म्हणाली. "हिचाही नवरा गेला होता. हे नाणं त्यानंतरचं आहे." मग कपाळ पुढे केलं. "यल्ला, चल, आता मला लाव."

मी लावलं. एकजण पर्स उचलून निघून गेली. बाकीच्या तिळगूळ घेऊन थांबल्या, आणि पुढे दर संक्रांतीला तिच्याकडेच जमू लागल्या.

परवा सईनं घर आवरायला बोलावलं. हॉलमध्ये वृंदाताईचा फोटो होता, हार होता, कपाळ मात्र कोरं. पुण्याहून आलेल्या तिच्या जाऊबाईंनी तसं ठेवलं होतं. मी देवघरातली कोयरी आणली.

"अहो, असं नसतं करत," जाऊबाई म्हणाल्या.

"या घरात करतात," म्हटलं, आणि काचेवर ठसठशीत कुंकू लावलं.

निघताना सईनं ते नाणं माझ्या हातावर ठेवलं. त्यावरच्या बाईच्या केसांच्या वळणांत लाल कण अजून अडकलेले होते. "आंटी, इट्स युअर्स. शुड आय क्लीन इट फर्स्ट?"

अजिबात नाही, म्हटलं. नाणं आता माझ्या हॉलमध्ये आहे, येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असं. येत्या संक्रांतीला माझ्या तबकात तेच असणार. जिला चालत नसेल, तिनं येऊ नये.