डावी बाही

फुटबॉल क्लबच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून टेलरमास्तरांचं दुकान होतं. तरुणपणी मास्तर याच क्लबचे राखीव खेळाडू होते. मैदानात उतरायची वेळ मात्र कधी आलीच नाही. बायको म्हणायची, "बाकावर बसण्यात यांचा हात कोणी धरणार नाही."

पुढे क्लबच्या जर्सी शिवायचं काम त्यांच्याकडे आलं. जाहिरात छातीवर लावा, पाठीवर लावा, मास्तरांची ना नसे. डावी बाही मात्र ते कोरी ठेवत. वरच्या लीगमधल्या संघांच्या डाव्या बाहीवर एक गोल, सोनेरी चिन्ह असतं. आपला क्लब वर जावा आणि ते चिन्ह आपल्या हाताने शिवावं, याची त्यांना आस लागली होती.

"मास्तर, टायरवाले जाहिरात द्यायला तयार आहेत," सेक्रेटरी दर हंगामात म्हणायचा. "ती बाही रिकामीच आहे ना?"

"रिकामी नाही, राखीव आहे."

"म्हणजे तुमच्यासारखीच!"

मास्तरही हसत. बाही कोरीच राही.

एका वर्षी मात्र क्लबने कमाल केली. आता वरच्या लीगमध्ये जायला फक्त शेवटचा सामना जिंकायचा होता. बरोबरी चालणार नव्हती.

सामन्याच्या दिवशी सकाळी मास्तरांना धीर निघेना. वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून त्यांनी सोनेरी कापड कापलं, कडा दुमडल्या आणि नुसतं कसं दिसतंय ते बघायला चिन्ह कॅप्टनच्या बाहीवर कच्च्या टाक्यांनी अडकवलं. जर्सी खुंटीला लावून ते बघतच राहिले. बायकोने दोनदा चहा गरम केला. तेवढ्यात सेक्रेटरी धापा टाकत आला, सगळ्या जर्सी गोळा करून निघूनही गेला. चिन्ह उसवायचं राहून गेलं.

नाणेफेकीच्या वेळी पंचांनी कॅप्टनच्या बाहीकडे बोट दाखवलं. पाहुण्या संघाचे पाठीराखे ओरडले, "अरे, आधी जिंका तरी!" सगळं मैदान हसलं. कॅप्टनने एकदाच ओढलं, चिन्ह हातात आलं. रेषेपाशी येऊन त्याने ते मास्तरांना दिलं. "सांभाळून ठेवा. संध्याकाळी लागेल."

मास्तरांनी ते मुठीत धरलं आणि मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. अगदी अखेरीस कॅप्टनचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळून बाहेर गेला. त्यानंतर शिट्टी झाली. शून्य-शून्य.

"घाई नडली तुमची," जाताना सेक्रेटरी म्हणाला. मास्तरांनी मान खाली घातली. दुकानात आल्यावर बायकोने त्यांची मूठ सोडवली, चुरगळलेलं चिन्ह हाताने सारखं केलं आणि त्यावर इस्त्री फिरवली.

नव्या हंगामात सेक्रेटरी टायरच्या जाहिरातीच्या पट्ट्या घेऊनच आला. "या वेळी नाही म्हणू नका, मास्तर. तुमची ती बाही..."

"ठेवा तिथे," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरीला आश्चर्य वाटलं. तो स्टूल ओढून बसला. मास्तरांनी पट्टी डाव्या बाहीवर बेतली आणि मशीनकडे न वळता सुईत दोरा ओवला. लांब लांब टाके पडू लागले.

"अहो, हे कच्चे टाके! पहिल्याच धुण्यात निघेल की."

"निघालं की पुन्हा घालीन."

"एकदाच मशीनवर पक्कं मारा ना. कशाला हा उपद्व्याप?"

मास्तरांनी दोरा दाताने तोडला. "पक्कं उसवलं की कापडाला भोकं पडतात," ते म्हणाले. "त्या जागी मग दुसरं काही नीट बसत नाही."

बायकोने आतून विचारलं, "सोनेरी दोऱ्याचं रीळ संपत आलंय. आणून ठेवू का?"

"ठेव आणून," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुढची जर्सी मांडीवर घेतली.