बॉनेटवरचे तीन पट्टे

लातूरच्या डाळबाजारात गुरुपादप्पांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्या लाल मोटारीवरून त्यांना एकदा तरी हसला नाही असाही नाही. तूरडाळीच्या धंद्यातल्या माणसाने ट्रक घ्यावा, फार तर जीप. गुरुपादप्पांनी हैदराबादेहून ऐंशीच्या दशकातली, दोन दारांची, जमिनीला पोट लावून धावणारी जपानी टर्बो गाडी आणली. तीही बंद पडलेली, ट्रकवर लादून.

शेजारच्या आडतीतले किशनराव तेव्हापासून विचारत आले आहेत, "शेठ, हिच्यात पोतं कुठं ठिवायचं?"

"पोतं गोदामात ठिवायचं. हिच्यात माणसानं बसायचं."

टर्बो आताच्या गाड्यांतही असतो, पण तो शिकूनसवरून शहाणा झालेला. ही गाडी जुन्या वळणाची. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर तिची चकती फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. पण चकतीला वेग यायला वेळ लागतो. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. मग बारीक शीळ ऐकू येते आणि पाठीत कुणी गुडघा घालून ढकलल्यासारखी गाडी सुटते. तो रुसवा आणि ती झेप, दोन्ही एकाच गाडीत. शौकीन लोक अशा गाड्या हुडकत देश पालथा घालतात ते यासाठीच. फेरी मारून आल्यावरही गुरुपादप्पा लगेच इंजिन बंद करत नसत. तापलेली चकती निवेपर्यंत अंगणात गाडी चालू ठेवून बसत. आतून उमादेवींचा आवाज येई, "अहो, उतरा की! घर आलंय."

"आलो. तिचा दम तरी जाऊ दे."

एवढे सगळे असून एक गोष्ट त्यांना सलत होती. नांदेडला जुन्या मोटारींच्या शौकिनांचा एक क्लब होता. दरवर्षी लातूर ते नांदेड फेरी निघे आणि मैदानावर गाड्या मांडल्या जात. गुरुपादप्पांनी दोनदा नाव दिले, दोनदा उत्तरच आले नाही. बाजार हसला त्याचे त्यांना काही वाटले नव्हते. पण ज्यांना गाडी कळते त्यांनी तरी आपल्याला आपल्यातले म्हणावे, एवढी एकच हौस उरली होती.

यंदा क्लबचा सचिव हरिओम स्वतः गाडी बघायला आला. औसा रस्त्यावर फेरी मारून परतला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"अप्पा, टर्बो मूळचाच! काय जपलीय! अशी मराठवाड्यात दुसरी नसंल." मग तो बॉनेटजवळ वाकला. "पण हे काय?"

लाल रंगात तीन आडवे फिकट पट्टे होते. खालचा जरा तिरका.

गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या वर्षीच्या खंडेनवमीची ती गोष्ट. उमादेवींनी भस्म पाण्यात कालवून तीन बोटांनी बॉनेटवर त्रिपुंड्र ओढला. पूजेचे भस्म दसऱ्यापर्यंत पुसायचे नाही, हा घरचा रिवाज. गाडी दिवसभर त्यांच्या डाळगिरणीच्या अंगणात उन्हात उभी राहिली. दसरा झाल्यावर पुसायला गेले, तर ओल्या राखेने रंगच खाल्लेला.

हरिओम म्हणाला, "एवढं बॉनेट रंगवून घ्या. आमच्याकडं गाडी कंपनीतून निघाली तशी दिसाया लागते. रंगवली की फेरीत उतरायचा नंबर तुमचा."

गुरुपादप्पांनी पट्ट्यांवरून हात फिरवला. रात्री जेवताना उमादेवीच म्हणाल्या, "घ्या रंगवून. माझ्या हातून चूक झाली. माझ्यापायी तुमचं नाव कशाला अडायचं?"

"चूक? आख्खा बाजार भंगार म्हणत होता तवा तू एकटीनं तिला घरातली म्हणून भस्म लावलं. ते खरवडून मी त्यांच्या रांगेत बसू? न्हाई जमायचं."

"मग नंबर न्हाई मिळायचा."

"न मिळू दे."

फेरीच्या सकाळी गाड्या रांगेत लागल्या होत्या. शेवटच्या गाडीमागे लाल गाडी येऊन थांबली. शेजारी इरकल नेसलेल्या उमादेवी. हरिओम धावतच आला.

"अप्पा, तुम्हाला नंबर न्हाई दिलेला!"

"रस्त्यावर चालाया बी नंबर लागतो का तुमचा? गाडीची नंबरपाटी हाय की."

हरिओमने डोक्याला हात लावला.

अहमदपूर गेले. लोह्याच्या अलीकडे मोकळा सरळ रस्ता लागला. पुढच्या गाड्या पांगल्या तसा गुरुपादप्पांनी पाय दाबला. गाडी जरा थबकली, शीळ वाजली आणि सुटली.

"अगं बाई! सावकाश!" उमादेवींनी दाराची मूठ धरली. मग हसू दाबत म्हणाल्या, "ही रोज अशी पळती, आन् मला आज दावलंत व्हय?"

नांदेडला मैदानाच्या फाटकावर क्लबच्या पोरांनी नंबर नाही म्हणून त्यांना अडवले. गुरुपादप्पांनी हुज्जत घातली नाही. समोरच्या रसवंतीच्या सावलीत गाडी लावली, इंजिन निवू दिले, बंद केले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. आत जाणारे वळू लागले. कुणी चकती कुठे आहे विचारी, कुणी शीळ ऐकवा म्हणे. बघता बघता फाटकाबाहेर गर्दी झाली.

शेवटी हरिओम बाहेर आला. "अप्पा, चला आत. कमिटी तयार हाय. नंबर बी देतो. फक्त बॉनेट लावून वर एक मखमली कापड टाकू. फोटोत वाईट दिसाया नको."

 गुरुपादप्पांची उरलेली एकच हौस फाटकाच्या पलीकडे, दहा पावलांवर होती. त्यांनी बायकोकडे पाहिले. परवापर्यंत रंगवा म्हणणाऱ्या उमादेवी रसाचा पेला खाली ठेवून उठल्या.

"कापड कशाला, बाळा? आमच्या घरची पूजा हाय ती. चोरीचा माल न्हाई झाकून ठिवायला."

"मावशी, नियम असतोय…"

"असू दे की. नियम आत ठिवा, आम्ही भाईर बसतो."

गुरुपादप्पांनी बॉनेट खाली घेऊन लावले, तीन पट्टे सगळ्यांना दिसतील असे. मग रसवाल्याला आणखी दोन पेले सांगितले, बर्फ कमी घालून, आणि हरिओमकडे वळून म्हणाले, "तू बी घेतोस का? आम्ही संध्याकाळपर्यंत हितंच हावोत."